एक कोंबडी आणि नऊ पाने

घरी पाहुणा आला आणि कोंबडी कापायची ठरली, की गृहिणीच्या मनात प्रथम वाटपाचा हिशेब सुरू होतो. मीठ-तिखटाचा विचार मागाहून येतो. गावरान कोंबडी ती केवढी असणार! पिसे काढून, भाजून, साफ करून तराजूत टाकली तर सव्वा किलो भरली तर भरली. तिला तंगड्या दोन, पंख दोन, छातीचे तुकडे फार तर सहा, आणि मग पाठ, मान, कलेजी-पेटा. पाने मात्र नऊ. जावईबापू आले असतील तर एक तंगडी त्यांची, हे ठरलेलेच. दुसरी सर्वांत धाकट्या लेकराची, कारण ते रडते. छातीचे तुकडे वडीलधाऱ्यांना आणि कर्त्या पुरुषांना. मुलींच्या वाट्याला पंख. राहता राहिली मान आणि पाठ. ती रांधणारीची, म्हणजे उरली तर.

आमच्या लहानपणी आमच्या मातोश्री सर्वांच्या मागून जेवायला बसत. हंडीच्या तळाशी जो रस्सा राहिलेला असे त्यात भात कालवून त्या जेवत आणि म्हणत, "मला बाई तुकड्यांपेक्षा रस्साच आवडतो." आम्ही ते खरे मानीत असू. पुढे आम्ही स्वतःचा संसार थाटला, आणि एके दिवशी आमच्याच स्वयंपाकघरातून तेच वाक्य, त्याच सुरात, दुसऱ्या तोंडून ऐकू आले. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

ज्या पदार्थाविषयी आज लिहावयाचे आहे तो आमच्या घरी ह्याच हिशेबातून आला. कोंबडीच्या पातळ रश्शात तांदळाच्या उकडीचे गोळे सोडून शिजवायचे. रस्सा गोळ्यांत मुरतो, गोळ्यांचे थोडे पीठ सुटून रश्शाला दाटपणा येतो, आणि एका कोंबडीत नऊ माणसे पोटभर जेवून उठतात. ऐकायला हे सोपे वाटते. पहिल्या खेपेस आमच्याकडे जे झाले ते पुढे सांगूच.

आमचा बालाघाट जिल्हा वैनगंगेच्या पाण्यावर आणि धानाच्या पिकावर जगतो. 1867 साली भंडारा, शिवनी आणि मंडला ह्या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला. त्यामुळे कटंगी, वाराशिवनी, किरणापूर, लांजी ह्या बाजूंस मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी ह्या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु राज्याची सीमा चुलीपर्यंत पोहोचली नाही. नागपुराकडचा गोळाभात, म्हणजे हरभऱ्याच्या भरड्याचे तिखट गोळे घातलेला भात, आम्हांला परका नाही. विदर्भातील चिकोल्या तर घरच्याच. गव्हाच्या कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावयाचे आणि ते उकळत्या वरणात सोडून शिजवावयाचे. पश्चिम महाराष्ट्रात ह्यांनाच वरणफळे म्हणतात. पूर्वेकडून छत्तीसगडाचा फरा आला. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवून त्यांना तिळाची फोडणी द्यावयाची, तो फरा. वरण आहे, गोळा आहे, तांदळाचे पीठ आहे. राहिली होती ती फक्त कोंबडीशी ह्या मंडळींची गाठ घालून देणे.

ही गाठ जगात इतरत्र फार पूर्वीच पडलेली आहे, हे आम्हांस मागाहून कळले. आपल्या देशात ती मध्य केरळातील सीरियन ख्रिस्ती घराण्यांत दिसते. तेथे तांदळाचे पीठ किंचित भाजून त्यात खवलेला नारळ, जिरे आणि बारीक कांदा घालतात, उकळत्या पाण्यात मळतात आणि आवळ्याएवढे गोळे वळून नारळाच्या दुधात शिजवतात. त्याला 'पिडी' म्हणतात. नाताळात आणि घरच्या मोठ्या समारंभांत कोंबडीच्या मसालेदार कालवणाशेजारी पिडी नसेल तर जेवण अपुरे मानले जाते. केरळातून परिचारिका, शिक्षिका आणि धर्मभगिनी मध्य भारतात सर्वत्र आल्या, त्यांच्यासोबत त्यांच्या चवीही आल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'चिकन अँड डम्प्लिंग्ज' हे खेड्यातील घरांचे आवडते अन्न आहे. तिकडे गव्हाच्या पिठाचे काम. त्यात दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांना मुळीच मानीत नाहीत: एक पक्ष पीठ पातळ लाटून पट्ट्या कापतो, अगदी आपल्या चिकोल्यांप्रमाणे, दुसरा पक्ष पिठात बेकिंग पावडर आणि ताक घालून ते चमच्याने रश्शावर सोडतो, म्हणजे फुगलेले मऊ गोळे होतात. हंगेरीत लाल मिरचीच्या कोंबडीबरोबर पिठाचे बारीक तुकडे उकडून वाढतात. यहुदी कुटुंबे पास्काच्या सणात खमीर वर्ज्य म्हणून बेखमीर भाकरीचा भुगा करून त्याचे गोळे कोंबडीच्या रश्शात घालतात. एवढ्या दूर दूरच्या बायकांनी एकमेकींना पत्र लिहून हे ठरविले असेल असे वाटत नाही. सर्वांपुढे कोंबडी एकच होती आणि खाणारी तोंडे पुष्कळ होती.

आता आमच्या फजितीची हकीकत. पिडीचे वर्णन एका परिचित भगिनीकडून ऐकून आमच्या घरात उत्साह संचारला. रविवार होता, पाहुणे होते. तांदळाचे पीठ परातीत घेतले, मीठ घातले, थंड पाण्याने मळले, सुरेख गोळे वळले आणि खदखदत्या रश्शात सोडून हंडीवर झाकण घातले. अर्ध्या तासाने झाकण काढले तो गोळा एकही नाही! हंडीत तांबूस रंगाची दाट पेज रटरटत होती आणि तिच्यात कोंबडीचे तुकडे रुतून बसले होते. पाहुणे सुसंस्कृत होते. त्यांनी ती पेज खाल्ली, दुसऱ्यांदा मात्र कोणी मागितली नाही.

त्या दिवशी पाहुण्यांत लांजीकडच्या आमच्या आत्याबाई होत्या. त्या पानावर काही बोलल्या नाहीत. भांडी घासून झाल्यावर त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना जवळ बोलावले.

"सूनबाई, तांदळाच्या भाकरीचं पीठ तू थंड पाण्यात मळतेस का गं?"

"नाही, आत्याबाई. आधण ठेवते, उकड काढते, मग मळते."

"मग ह्या बिचाऱ्या गोळ्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

आत्याबाईंचे एवढे एकच वाक्य आमच्या घरी कायमचे लक्षात राहिले. त्यामागचे कारण पुढे आम्ही समजून घेतले. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात रबरासारखा चिकट धागा तयार होतो आणि तो पिठाला एकत्र धरून ठेवतो. तांदळात हा धागा मुळीच नसतो. तांदळाच्या पिठाला धरून ठेवण्याचा उपाय एकच, तो म्हणजे आच. पाण्याची उष्णता 70 अंशांच्या आसपास गेली, की तांदळातील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. उकड काढणे म्हणजे हेच. कोकणातील मोदक आणि आपली तांदळाची भाकरी ही दोन्ही ह्याच एका गुणावर उभी आहेत. उकड न काढता गोळा रश्शात टाकला, तर तो आतून चिकटण्यापूर्वीच बाहेरून उकळीच्या धक्क्यांनी विरघळतो.

तेव्हा कृती आत्याबाईंच्याच क्रमाने सांगतो.

कोंबडी शक्यतो जुनी घ्यावी. हे वाचून काही तरुण गृहिणी नाक मुरडतील. परंतु तलंग मऊ असली तरी तिच्या रश्शात जीव नसतो. अंडी देण्याचे थांबलेली, अंगणात हिंडून किडे-मुंग्या वेचून वाढलेली कोंबडी चिवट असते, आणि तो चिवटपणाच आपल्याला हवा असतो. तिच्या सांध्यांत, कातडीत आणि स्नायूंभोवती जे चिवट तंतू असतात, ते मंद आचेवर दोन-तीन तास राहिले की वितळून रश्शात उतरतात आणि रस्सा ओठांना चिकटू लागतो. शिवाय अंड्यावरची कोंबडी कापणे हे संसाराला परवडणारेही नाही. गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम 60-70 अंडी देते. तेवढ्यात शाळेच्या वह्या-पेन्सिली होतात. म्हणून आधी जादा कोंबडे जातात, मग अंडी थांबलेल्या कोंबड्या, आणि खुडूक बसलेलीला कोणी हात लावीत नाही.

पिसे काढल्यावर कोंबडी चुलीच्या ज्वाळेवर फिरवून भाजून घ्यावी, हळद चोळावी आणि धुऊन कातडीसकट तुकडे करावेत. कातडी काढून टाकणाऱ्यांनी हा पदार्थ करू नये, असे आमचे मत आहे. करावयाचा असेल तर मग रस्सा पांचट झाला म्हणून तक्रार करू नये. सव्वा किलोच्या कोंबडीला साडेतीन लिटर पाणी घ्यावे. मोठ्या गंजात पाणी, तुकडे, हळद, मीठ, ठेचलेले आले-लसूण एवढेच घालून मंद आचेवर ठेवावे. पाणी खळखळ उकळू देऊ नये. बुडबुडा अधूनमधून वर येईल इतकीच आच असावी. प्रारंभी जो फेस येतो तो पळीने काढून टाकावा. जुन्या कोंबडीला अडीच ते तीन तास लागतात. प्रेशर कुकर असेल तर पाऊण तासात काम होते. सकाळी शेतावर जाणाऱ्या घरांनी तोच वापरावा, त्यात कमीपणा नाही. रस्सा झाला की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर रस्सा बशीत गार करून दोन बोटांत चोळावा. बोटे किंचित चिकटली की समजावे, कोंबडीने आपले काम केले.

हे अळणी पाणी म्हणजे आजारी माणसाचे आणि लहान मुलांचे अन्न. मसाला घालण्यापूर्वी एक-दोन वाट्या बाजूला काढून ठेवाव्यात. त्यानंतर दुसऱ्या भांड्यात तेल तापवून त्यात वाटण परतावे: भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, धणे, थोडी खसखस, मिरे, लवंगा, दालचिनी, आले-लसूण. तेल सुटले की लाल तिखट घालून हे सारे रश्शात ओतावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की आपल्याकडील नेहमीच्या रश्शापेक्षा हा रस्सा पातळ आणि तिखटाला बेताचा असावयास हवा. गोळे टाकल्यावर तो आपोआप दाटतो, आणि गोळ्यात तिखट मुरले की ते नेहमीपेक्षा अधिक जाणवते. नागपूरच्या सावजी पद्धतीचा जाळ काढणारा रस्सा आम्हांला आवडतो, परंतु तो ह्या कामाचा नाही.

आता पीठ. बालाघाटचे चिन्नोर तांदूळ सुगंधाबद्दल प्रसिद्ध आहेत आणि 2021 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ते गोळ्यांना वापरू नयेत! तो सुगंध खोबरे-लवंगांच्या वासापुढे टिकत नाही, आणि चिन्नोर मोलाचे पडतात. ते नाताळच्या खिरीला ठेवावेत. गोळ्यांना जाडा, जुना तांदूळ चांगला. गिरणीतून येणारी कणी तर उत्तम, कारण ती स्वस्त पडते आणि दळून पीठच व्हावयाचे असल्याने दाणा मोडका आहे की अखंड ह्याला महत्त्व नसते. कणी धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळून आणावी. पिठाला फार दिवस झाले असतील तर वास घेऊन पाहावा. जुन्या पिठाचा कुबट वास कोणताही मसाला झाकू शकत नाही.

नऊ माणसांना तीन पेले पीठ, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, पुरते. तीन पेले पाणी चुलीवर ठेवावे. त्यात मीठ, चमचाभर तेल आणि जिरे घालावेत. पाणी खळाळले की आच कमी करून पीठ एकदम घालावे, सराट्याच्या दांड्याने ढवळावे, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ आणावी. उकड परातीत काढून गरम असतानाच मळावी. हाताला चटका बसतो, म्हणून गार पाण्याची वाटी जवळ ठेवावी आणि बोटे भिजवीत मळावे. कोरडी वाटली तर गरम पाण्याचा हबका द्यावा. कोणत्या तांदळाला किती पाणी लागेल ते त्या तांदळालाच विचारावे लागते, नव्याला कमी लागते, जुन्याला अधिक. कोणी हिच्यात बारीक चिरलेला सांबार घालतात. (सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दाक्षिणात्य आमटी समजू नये.) भेगा न पडता गोळा वळता आला की उकड साधली. मोठ्या बोराएवढे किंवा लहान आवळ्याएवढे गोळे वळावेत आणि प्रत्येकाला अंगठ्याने किंचित दाबून खळी पाडावी. त्या खळीमुळे मध्यभाग लवकर शिजतो आणि तिच्यात रस्सा साठून राहतो.

सर्व गोळे एकदम सोडण्यापूर्वी एक गोळा एकट्याने रश्शात सोडून पाहावा. तो पाच मिनिटे शाबूत राहिला तर इतरांना त्याच्यामागून धाडावे. फुटला तर उकड पुन्हा वाफवून पुन्हा मळावी. फार तर अर्धा तास जातो, कोंबडी तर वाचते. पहिल्या रविवारी एवढी परीक्षा आम्ही घेतली असती तर पेजेचा प्रसंग टळला असता. रस्सा मंद उकळत असावा, गोळे एकावर एक पडू नयेत, आणि पहिली पाच मिनिटे पळी हंडीत घालूच नये. त्यानंतर भांडे कापडाने धरून हलके हलवावे. 12 ते 15 मिनिटांत गोळे शिजतात. गोळा वर तरंगला म्हणजे शिजला असे नव्हे. एक काढून सुरीने कापावा, मध्यभागी कोरड्या पिठाचा पांढरा ठिपका दिसला नाही म्हणजे झाले.

उपवासकाळातील शुक्रवारी हेच गोळे तुरीच्या वरणात सोडावेत. आमच्या घरी मुलांना ते इतके आवडतात, की त्या दिवशी मांस नाही ह्याची आठवण त्यांना आम्हांला करून द्यावी लागते.

आता एका अडचणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक घरांत कोंबडी आता अंगणातून येत नाही, बाजारातून येते. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते. मांस पुष्कळ, मऊ आणि स्वस्त. गरीब घरात आठवड्याला एकदा कोंबडी शिजू लागली ती हिच्यामुळे, हे विसरून तिला नावे ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु तिची हाडे कोवळी आणि स्नायू कधी फारसे न हललेले. अर्ध्या तासात मांस शिजते, दीड तास ठेवले तर त्याच्या काड्या होतात, आणि तरीही रस्सा पाण्यासारखाच राहतो. अशा पाण्यात गोळे शिजवले तर ते नुसते उकडल्यासारखे लागतात. ह्यावर आत्याबाईंनी काढलेला उपाय असा: कोंबडीवाल्याकडून कोंबडीचे पाय मागून घ्यावेत. तो ते नाममात्र पैशांत देतो, कधी तसेच देऊन टाकतो. आठ-दहा पाय उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून त्यांची पिवळी साल ओढून काढावी, नखे छाटावीत आणि ते मंद आचेवर दोन तास शिजवावेत. पायांत मांस नसते, पण कातडी आणि सांधेच असल्यामुळे रश्शाला लागणारा सारा चिकटपणा त्यांत असतो. त्या पाण्यात मग ब्रॉयलरचे तुकडे शेवटच्या अर्ध्या तासापुरते घालावेत. आम्ही जुन्या कोंबडीचे अभिमानी असलो तरी कबूल करतो, की डोळे मिटून खाल्ल्यास दोहोंतला फरक ओळखणे कठीण जाते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी ह्या ओघात सांगून टाकतो. अंगणातील कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर मरणाच्या दारातली कोंबडी 'वाया जाईल' म्हणून कापण्याचा मोह गावोगावी होतो. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांचा फ्ल्यू देशात प्रथम आढळला, आणि त्यानंतरही तो अनेकदा निरनिराळ्या राज्यांत येऊन गेला आहे. नीट शिजलेल्या मांसात तो विषाणू जगत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि पिसे काढण्यात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि कोंबडीला हात लावू नये. दुसरी गोष्ट उरलेल्या अन्नाची. रात्रीचे गोळे सकाळी अधिक मुरलेले लागतात हे खरे, परंतु शिजलेला तांदूळ कोमट हंडीत रात्रभर राहिला तर त्यात पोट बिघडविणारे जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. फ्रिज नसेल त्या घरी रात्रीचे रात्रीच संपवावे. कोंबडी आणि गोळे हे संपविण्यासाठी कोणाला आग्रह करावा लागतो असे आमच्या पाहण्यात नाही.

कृती सांगून झाली, राहिले वाढणे. आत्याबाईंची ह्याविषयीची शिस्त कडक होती. "सूनबाई, तुकडे सारखे कधीच पडायचे नाहीत, त्याचा नाद सोड. पण गोळे मोजून टाकता येतात. पानं किती ते आधी मोज, आणि मोजताना स्वतःला धर."

"मी मागाहून खाईन, आत्याबाई."

"मागाहून खा, बाळ. पण मोजणीत आधी ये."

त्या दिवसापासून आमच्या घरी पीठ मळतानाच मोजणी होते. तीन पेल्यांत सत्तरच्या वर गोळे होतात; नऊ पानांना प्रत्येकी आठ. मुलांनी हिशेब पाठ केला असल्यामुळे कोणाच्या ताटात नववा गोळा गेला की लगेच आरडाओरडा होतो, आणि कोणाच्या वाटीत सातच पडले तरी होतो. आईच्या वाटीचीही ती गणती करतात. हे त्यांना कोणी शिकविले नाही; मोजणीत ती वाटी आहे, म्हणून ती मोजतात. आणखी एक बदल आमच्या ध्यानात आला. ताटात आठ गोळे असले, की तंगडी कोणाला मिळाली ह्याविषयी फारशी चौकशी होत नाही. गेल्या नाताळात जावईबापूंनी आपली तंगडी आपण होऊन सासूबाईंच्या वाटीत ठेवली. त्या नको नको म्हणत राहिल्या, पण पूर्वीचे ते वाक्य, रस्साच आवडतो म्हणून, त्यांच्या तोंडून आले नाही. त्यांनी ती खाल्ली.

त्या दिवशी 74 गोळे झाले होते. आठ-आठ वाढून दोन उरले. ते एका वाटीत काढून, वर बशी झाकून, चुलीशेजारी ठेवले होते. तासाभराने पाहिले तो बशी जागच्या जागी आणि वाटी रिकामी. कोणी खाल्ले ते अद्याप कोणी कबूल केलेले नाही.